काळा वाटाणा आणि चार हात

"आई, सेंद्रिय म्हणजे महाग ना गं?" भाजी घेऊन येताना माझ्या नऊ वर्षांच्या लेकीने विचारलं. सेंद्रिय भाजीच्या स्टॉलवरची पाटी आणि मेथीच्या जुडीचा भाव, दोन्ही तिने एकदमच वाचले होते. मी हसले खरी, पण ते हसू घरापर्यंत टिकलं नाही. बारावीला सेंद्रिय रसायनशास्त्राचे धडेच्या धडे मी पाठ केले होते आणि आज तिला सांगायला माझ्याजवळ एक धड वाक्य नव्हतं.

तेव्हा वर्गात मी एकदा विचारलं होतं, कार्बनचे चार हात फळ्यावर काढतात तसे सपाटच असतात का? "पेपरात विचारत नाहीत. पाठ कर," असं उत्तर मिळालं आणि वर्ग खो खो हसला. मग मी पाठच केलं. पास झाले आणि विज्ञानाचा नाद सोडला. लेकीचं तसं होऊ नये असं फार वाटत होतं, म्हणून एक रविवार स्वयंपाकघरात काढायचा ठरवला. लेक, सहा वर्षांचा धाकटा आणि शेजारची दोन पोरं, एवढाच आमचा वर्ग.

सुरुवात साखरेपासून केली. जाड बुडाच्या जुन्या पातेल्यात दोन चमचे साखर, वर झाकण, गॅस बारीक. (हे आपणच करायचं, मुलांना लांब उभं करायचं. तापलेल्या साखरेचा चटका चिकटून बसतो.) साखर वितळली, पिवळी झाली, तांबूस झाली. झाकण उचललं तर आतल्या बाजूने पाण्याचे थेंब! "पण साखर तर कोरडी होती," धाकटा म्हणाला. आणखी तापवल्यावर पातेल्यात काळा, हलका, फुगलेला कोळसा उरला. आणि तेव्हा कुठे मला आपल्याच भाषेतला एक शब्द उलगडला. कर्बोदके! कर्ब म्हणजे कार्बन आणि उदक म्हणजे पाणी. डाएटच्या लेखांतून हा शब्द हजारदा वाचला असेल, पण तो फोडून बघावा असं काही सुचलं नव्हतं. मग मुलांनीच मीठ तापवायला लावलं. ते थोडं तडतडलं आणि पांढरंच राहिलं. मिठात कार्बन नाही ना.

सेंद्रियचा घोळही निस्तरला. कोणे एके काळी लोकांना वाटायचं की सजीवांच्या शरीरातले पदार्थ माणसाला प्रयोगशाळेत करताच येणार नाहीत. १८२८ मध्ये जर्मनीतल्या फ्रीडरिश व्होलरने युरिया करून दाखवला, जो तोवर लघवीतूनच मिळायचा. समजूत हळूहळू गेली, नाव मात्र राहिलं. गंमत बघा, गोणीतला युरिया सेंद्रिय शेतीत चालत नाही आणि रसायनशास्त्राच्या पुस्तकात तो सेंद्रियच!

खरी मजा वाटाण्यांनी आणली. आदल्या रात्री काळे वाटाणे, पांढरे वाटाणे आणि राजमा वेगवेगळे भिजत घातले होते. काळा वाटाणा कार्बन, पांढरा हायड्रोजन, राजमा ऑक्सिजन. हे रंग माझ्या मनचे नाहीत. १८६५ मध्ये लंडनला हॉफमन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने क्रोकेच्या खेळातले लाकडी चेंडू रंगवून रेणू दाखवले होते, तेव्हाही कार्बन काळा, हायड्रोजन पांढरा, ऑक्सिजन लाल असेच रंग होते. जोडायला टूथपिक. नियम एवढाच, की काळ्याला चार हात, लालला दोन, पांढऱ्याला एक आणि कुणाचाही हात मोकळा राहता कामा नये.

चारही पोरांनी काळ्या वाटाण्यात काड्या अधिकच्या चिन्हासारख्या सपाट खुपसल्या. "चौघांना एकमेकांपासून जास्तीत जास्त लांब राहायचंय, भांडण झालंय त्यांचं," मी म्हटलं. खुडबुड करता करता एक तिवई तयार झाली, तीन पाय टेबलावर आणि चौथा वर आभाळाकडे. हा मिथेन, गोबरगॅसमधला. माझ्या बारावीच्या प्रश्नाचं उत्तर टेबलावर उभं होतं. लाल वाटाणा दोन्ही हात एकाच काळ्याला देतो तेव्हा काय म्हणायचं? "फुगडी!" शेजारची म्हणाली. पुस्तकात त्याला दुहेरी बंध म्हणतात, आमच्याकडे आता फुगडीच. कार्बन डायऑक्साइड म्हणजे मधल्या काळ्याची दोन्हीकडे एकेक फुगडी.

मग आपल्या सिलिंडरमधला गॅस करायला घेतला. तीन काळ्यांचा प्रोपेन, चार काळ्यांचा ब्युटेन. ब्युटेनला चार काळे आणि दहा पांढरे लागतात. थोड्या वेळाने लेक रडवेली होऊन आली, "माझं चुकलं गं. वाटाणे तेवढेच लागले, पण माझी रेल्वेगाडी नाही झाली, फाटाच फुटला." मी मोजले. चार आणि दहा, एकही हात मोकळा नाही. तिचं काहीच चुकलं नव्हतं! तो आयसोब्युटेन होता, सिलिंडरमध्ये तोही असतो. तेवढेच अणू, पण जोडणी निराळी म्हणून पदार्थ निराळा. मी ज्याची व्याख्या घोकली होती, ते तिच्या हाताला आपसूक सापडलं होतं.

इथवर सगळं छान होतं. मग धाकट्याने विचारलं, "आजोबांमध्ये पण कार्बन होता?"

सासरे गेले त्याला तेव्हा पाचच महिने झाले होते. सासूबाई तिथेच कोथिंबीर निवडत बसल्या होत्या. मी हो म्हटलं. आपल्या वजनाचा साधारण १८ टक्के भाग कार्बनच असतो, म्हणजे साठ किलोच्या माणसात दहा-अकरा किलो.

"मग तो राखेत गेला? नदीत?"

खोटं सांगावंसं वाटत नव्हतं आणि खरं सांगायला जीभ रेटत नव्हती. शेवटी सांगितलं. राखेत हाडांमधला कॅल्शियम आणि फॉस्फरस राहतो. कार्बन बहुतेक सगळा हवेत जातो, दोन फुगड्या घालत. झाडं तो हवेतून घेतात आणि पानं, खोड, फळं करतात.

"आपली तुळस पण?"

"तुळस पण."

स्वयंपाकघरात कुणीच बोलेना. मला वाटलं, सासूबाई उठून आत जातील. पण त्यांनी मान वर केली नाही, जुडी बाजूला ठेवली आणि विचारलं, "सगळ्या झाडांत जातो का गं तो? की जवळच्याच?"

"हवा सगळीकडे फिरते, आई. कुठेही जातो."

"बरं," त्या म्हणाल्या. जरा वेळाने म्हणाल्या, "हे मला नीट लिहून दे. भजनी मंडळात सांगते."

फुगडीपर्यंतचं लिहून झालंय. पुढचं, चितेचं, कसं लिहावं ते अजून जमत नाहीये, आणि त्या रोज विचारताहेत.