दोन हत्तींच्या बदल्यात वजीर

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या हेस्टिंग्ज गावी नाताळच्या सुट्टीत बुद्धिबळाची स्पर्धा भरवण्याची प्रथा जुनी आहे. १९३०-३१ सालच्या स्पर्धेत होझे राऊल कॅपाब्लांका खेळत होता. क्युबाचा हा खेळाडू १९२१ ते १९२७ जगज्जेता होता, आणि १९१६ पासून १९२४ पर्यंत तो एकही डाव हरला नव्हता. त्याच्यासमोर पांढरी मोहरी घेऊन बसला होता पंजाबातल्या मिठा गावचा सुलतान खान. इंग्लंडात येऊन त्याला दोन वर्षंही झाली नव्हती.

एकविसाव्या चालीला कॅपाब्लांकाने आपला हत्ती थेट पांढऱ्याच्या पहिल्या रांगेत घुसवून शह दिला. सुलतान खानचा राजा एक घर पुढे सरकला. मग दुसऱ्या हत्तीचा शह. या झटापटीत पांढऱ्याचा वजीर गेला आणि काळ्याचे दोन्ही हत्ती गेले. कागदावर हा सौदा साधारण बरोबरीचा मानतात. पण पटावर परिस्थिती वेगळी होती. वजिराला मोकळ्या रेषा लागतात आणि मारायला उघडी प्यादी लागतात. इथे मधला भाग प्याद्यांनी बंद होता, पांढऱ्याची प्यादी एकमेकांना धरून होती आणि काळ्याचा उंट आपल्याच डी५ वरच्या प्याद्यामागे कोंडला होता. मोकळी रेषा एकच, सी-फाइल, आणि ती दोन हत्तींच्या ताब्यात जाणार होती. पुढच्या चाळीसेक चालींत कॅपाब्लांकाचा वजीर शत्रूच्या मुलुखात फिरत राहिला, पण त्याला खायला काही मिळालं नाही. सुलतान खानने कुठलीच घाई केली नाही. पासष्ट चालींनंतर कॅपाब्लांकाने डाव सोडला.

हा डाव बहुतेक वेळा चमत्कार म्हणून सांगितला जातो. खेड्यातला, पुस्तकं न वाचलेला माणूस केवळ उपजत बुद्धीच्या जोरावर माजी जगज्जेत्याला हरवतो, असं त्याचं वर्णन. मला हे वर्णन सुलतान खानवर अन्याय करणारं वाटतं. तो कोऱ्या पाटीने इंग्लंडात आलेला नव्हता. वयाच्या नवव्या वर्षापासून तो बुद्धिबळ खेळत होता, वडिलांकडून शिकला होता, आणि विशीत पंजाबातला सर्वांत बलवान खेळाडू झाला होता. फरक इतकाच, की तो ज्यावर वाढला तो खेळ वेगळा होता.

आपल्याकडच्या जुन्या, देशी पद्धतीच्या बुद्धिबळाचे नियम प्रांताप्रांतांत थोडे बदलत, पण गाभा सारखा होता. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जाई, दोन घरं उडी मारण्याची मुभा नव्हती. किल्लेकोट नव्हता. त्याऐवजी राजाला, शह बसायच्या आत, एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची चाल करता येई. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की हवा तो मोहरा मागून घेता येत नसे. ज्या स्तंभात ते पोचलं त्या स्तंभाच्या मूळ मोहऱ्याचा दर्जा त्याला मिळे, म्हणजे हत्तीच्या स्तंभात हत्ती आणि उंटाच्या स्तंभात उंट. समोरच्याचे सगळे मोहरे मारून राजा एकटा उरवला, तर तो पूर्ण विजय धरत नसत. आणि प्याद्याने केलेली मात, प्यादेमात, सगळ्यांत मानाची समजली जाई.

या नियमांचा खेळावर काय परिणाम होतो ते पाहण्यासारखं आहे. प्यादी हळू चालतात, म्हणून दोन्ही फौजा उशिरा भिडतात. युरोपीय खेळात चौथ्या-पाचव्या चालीलाच चकमक उडू शकते, म्हणून तिथे ओपनिंगची पुस्तकं लिहिली गेली, पाठ केली गेली. देशी खेळात त्याची गरजच नव्हती. तिथे आधी प्याद्यांची तटबंदी उभारायची, मोहरे निवांत नीट जागी लावायचे आणि मग फट शोधायची. कुठलं प्यादं कुठल्या स्तंभातून पुढे जाणार यावर त्याची पुढची किंमत ठरणार, म्हणून प्रत्येक प्याद्याचा हिशेब पहिल्यापासून मनात ठेवावा लागे. अशा खेळात तयार झालेला माणूस ओपनिंगमध्ये कच्चा आणि एंडगेममध्ये भक्कम निघाला, तर त्यात चमत्कार कसला?

आता तो कॅपाब्लांकाविरुद्धचा डाव पुन्हा बघा. सुलतान खानने संपूर्ण डावात किल्लेकोट केलाच नाही. त्याचा राजा प्याद्यांच्या भिंतीमागे मधेच राहिला, आणि त्याच्याच जोरावर हत्तीचे शह पचले. पाचव्या चालीला त्याने ए-स्तंभातलं प्यादं एकच घर पुढे केलं. हीच लहानशी चाल पुढे टिग्रान पेट्रोस्यान या जगज्जेत्याच्या नावाने ओळखली गेली. सुलतान खानने ती कुठल्या पुस्तकातून घेतली असेल असं मला वाटत नाही. वजीर-हत्तींची अदलाबदल झाल्यावर ज्या शांतपणे तो चाली करत गेला, ती घडण मात्र नक्कीच घरची.

त्या डावातल्या ओपनिंगचं नावही ध्यानात घ्यायला हवं: क्वीन्स इंडियन. हे ‘इंडियन’ आलं कलकत्त्याहून. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर जॉन कॉक्रन हा स्कॉटिश बॅरिस्टर तिथे महेशचंद्र बॅनर्जी नावाच्या खेळाडूशी शेकडो डाव खेळला आणि त्यातले अनेक इंग्लंडात छापून आले. महेशचंद्र काळ्या मोहऱ्यांनी मध्यावर लगेच हक्क सांगत नसे. जी आणि डी स्तंभांतली प्यादी एकेक घर सरकवून उंट कोपऱ्यातून रोखून धरी. एक घर चालणाऱ्या प्याद्यांवर वाढलेल्या माणसाला हेच सुचणार. लंडनच्या जाणकारांना तेव्हा ते विचित्र वाटलं. १९२० च्या दशकात युरोपातल्या नव्या पिढीने तीच कल्पना उचलली आणि ‘इंडियन’ बचावांचं अख्खं घराणं तयार झालं. उलट दिशेची वाहतूकही होत होती. १८१४ साली मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचं बुद्धिबळातल्या कूटस्थितींचं पुस्तक, मूळ संस्कृतातून इंग्रजीत आणून, युरोपीय पद्धतीला जुळवून छापलं गेलं होतं. म्हणजे सुलतान खानच्या शंभर वर्षं आधीपासून दोन्ही खेळ एकमेकांच्या दारात उभे होते.

सुलतान खानला इंग्लंडात नेलं ते सर उमर हयात खान या पंजाबातल्या बड्या जमीनदाराने. तो ब्रिटिश सरकारच्या मर्जीतला आणि बुद्धिबळाचा शौकीन होता. सुलतान खान त्याच्या पदरी होता, आणि त्याच्याकडेच त्याने युरोपीय नियम शिकून घेतले. १९२८ च्या अखिल भारतीय स्पर्धेत त्याने नऊ डावांत आठ जिंकले, एक बरोबरीत सोडवला. १९२९ च्या वसंतात तो लंडनला पोचला, तेव्हा सरावासाठी ठेवलेल्या एका छोट्या स्पर्धेत तो तळाला राहिला. मग विल्यम विंटर आणि फ्रेड येट्स या दोन ब्रिटिश खेळाडूंनी त्याला ओपनिंगचे धडे दिले. त्याच उन्हाळ्यात रॅम्सगेटला ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि सुलतान खानने ती जिंकली. १९३२ आणि १९३३ मध्येही अजिंक्यपद त्याचंच.

पुढच्या काही वर्षांतली त्याची कामगिरी थक्क करणारी आहे. १९३० मध्ये बेल्जियममधल्या लिएजला तो टार्टाकोव्हरच्या पाठोपाठ दुसरा आला, आणि पुढच्या वर्षी बारा डावांच्या सामन्यात त्याने त्याच टार्टाकोव्हरला साडेसहा विरुद्ध साडेपाच असं हरवलं. १९३१ च्या प्राग ऑलिम्पियाडमध्ये तो इंग्लंडसाठी पहिल्या पटावर बसला. तिथे सतरा डावांत आठ विजय, सात बरोबऱ्या आणि केवळ दोन पराभव. त्याच्याकडून हरलेल्यांत अकिबा रुबिनस्टाइन आणि सालो फ्लोर होते, तर जगज्जेत्या अलेखाइनशी त्याने बरोबरी केली. हे सगळं मलेरिया, सर्दी आणि घशाचे विकार अंगावर काढत. इंग्लंडची हवा त्याला कधी मानवली नाही. अनेकदा तो गळ्याभोवती कापड गुंडाळून खेळायला बसे.

१९३३ साली हेस्टिंग्जला त्याने तिसऱ्यांदा अजिंक्यपद मिळवलं, तेव्हा महिलांचं ब्रिटिश अजिंक्यपद फातिमा नावाच्या तरुणीने मोठ्या फरकाने जिंकलं. तीही उमर हयात खानच्याच घरातली. एकाच हवेलीत दोन ब्रिटिश विजेते! फातिमाबद्दल फार कमी लिहिलं गेलं आहे आणि ही उणीव मला सुलतान खानवरच्या अन्यायापेक्षा मोठी वाटते.

त्या घरातल्या सुलतान खानच्या स्थानाबद्दल मात्र वाद आहे. त्याच वर्षी फोकस्टनच्या ऑलिम्पियाडनंतर अमेरिकी संघाला उमर हयात खानने घरी बोलावलं होतं. त्यांच्यातला रूबेन फाइन पुढे लिहून गेला, की आपण ज्याला थोर खेळाडू मानत होतो तोच आपल्याला जेवण वाढत होता आणि आम्हाला फार अवघडल्यासारखं झालं. ही गोष्ट पुढे इतकी गाजली, की सुलतान खान म्हणजे ‘नोकर’ हीच त्याची ओळख झाली. २०२० मध्ये त्याच्यावर डॅनियल किंगचं इंग्रजी चरित्र आलं, त्याच्या नावातही हाच शब्द होता. तेव्हा त्याच्या कुटुंबीयांनी जाहीर आक्षेप घेतला: तो चाकर नव्हता, खेळाडू म्हणून मानधन घेऊन उमर हयात खानकडे होता. कुटुंबाचं म्हणणं मला गंभीरपणे घ्यावंसं वाटतं. एका रात्रीच्या पाहुण्याने जे पाहिलं, त्यावर माणसाचं सगळं आयुष्य तोलता येत नाही. पण हेही खरं, की खेळायचं कुठे, किती आणि कधीपर्यंत, हे सुलतान खानच्या हातात नव्हतं. १९३३ च्या अखेरीस उमर हयात खान हिंदुस्थानात परतला आणि त्याच्याबरोबर सुलतान खानलाही परतावं लागलं. तेव्हा तो जेमतेम तिशीत होता.

परतल्यावरचा त्याचा एक सामना आपल्याला जवळचा आहे. १९३५ साली तो व्ही. के. खाडिलकरांशी दहा डाव खेळला. नऊ जिंकले, एक बरोबरीत सुटला. खाडिलकर काही सामान्य खेळाडू नव्हते, म्हणून हा आकडा सुलतान खानची ताकद अजून शाबूत होती हेच सांगतो. त्यानंतर मोठ्या स्पर्धांत तो दिसत नाही. १९४४ मध्ये उमर हयात खान वारला. थोडी शेतजमीन सुलतान खानच्या वाट्याला आली होती. फाळणीनंतर गाव पाकिस्तानात गेलं. १९६६ साली सरगोध्यात क्षयाने त्याचा मृत्यू झाला.

बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेने, म्हणजे फिडेने, १९५० मध्ये पहिल्यांदा अधिकृत ग्रँडमास्टर किताब दिले. सत्तावीस जणांना. त्यांत रुबिनस्टाइन, फ्लोर आणि टार्टाकोव्हर होते, ज्यांना सुलतान खानने हरवलं होतं. प्रागमध्ये त्याच्याशी बरोबरी केलेले ग्रुनफेल्ड आणि स्टालबर्ग होते. त्याच्या हातचं जेवलेला फाइनही होता. खेळणं सोडलं हे कारण पुढे करता येत नाही. रुबिनस्टाइनने १९३२ नंतर स्पर्धा सोडल्या होत्या आणि चेकोस्लोव्हाकियाच्या दुरासने तर पहिल्या महायुद्धाच्या सुमारासच, तरी दोघांचीही नावं यादीत आली. सुलतान खान तेव्हा जिवंत होता.

फेब्रुवारी २०२४ मध्ये फिडेचे अध्यक्ष अर्काडी ड्वोरकोविच यांनी पाकिस्तानात जाऊन त्याला मरणोत्तर ग्रँडमास्टर किताब दिला. बातम्यांत पाकिस्तानचा पहिला ग्रँडमास्टर असा उल्लेख झाला आणि आपल्याकडे काहींना तो खटकला. तो खेळला ब्रिटिश हिंदुस्थानचा नागरिक म्हणून, पटावर बसला इंग्लंडच्या वतीने, आणि मेला पाकिस्तानात. तिन्ही देशांनी त्याला आपलं म्हणावं, त्यात मला काही वावगं दिसत नाही. खटकतो तो किताबाला चिकटवलेला ‘मानद’ हा शब्द. रुबिनस्टाइनच्या किताबामागे तो नाही, आणि प्रागच्या त्या डावाचा निकाल सुलतान खानच्या बाजूने लागला होता.