पाडण्याआधीचा फोटो

जुन्या शहरांचे फोटो बघून 'काय दिवस होते ते!' असं म्हणायची आपल्याला सवय असते. इंग्लंडमधल्या यॉर्कचे काही फोटो मात्र चक्क पुरावा म्हणून काढलेले आहेत. घरं पाडायची होती, म्हणून!

दुपारी चारच्या चहाबरोबर डेस्कवरच किट कॅट मोडून खाणाऱ्या मंडळींनो, या चॉकलेटचं माहेर ठाऊक आहे? यॉर्क. उत्तर इंग्लंडमधलं, रोमनांनी वसवलेलं, नंतर व्हायकिंगांनी काबीज केलेलं आणि आजही जुन्या तटबंदीचा कंबरपट्टा मिरवणारं शहर. तिथल्या राऊंट्री कंपनीनं १९३५ साली हे चॉकलेट बाजारात आणलं. किट कॅट हे नाव त्याला दोन वर्षांनी मिळालं. राऊंट्री हे आडनाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

यॉर्कला जाणारा प्रत्येक जण शॅम्बल्स नावाच्या गल्लीत फोटो काढतोच. मीही काढला. लाकडी चौकटींची घरं, वरचे मजले इतके पुढे झुकलेले की समोरासमोरच्या खिडक्यांतून शेजारणींनी वाटीभर साखर द्यावी-घ्यावी. हॅरी पॉटरच्या सिनेमातल्या गल्लीसारखी दिसते, म्हणून आता तिथं जादूच्या कांड्या विकतात आणि त्यासाठी रांगा लागतात. (शूटिंग तिथं झालेलंच नाही, हा भाग वेगळा.) ही गल्ली मुळात खाटकांची. १८७२ सालीसुद्धा तिथं मटणाची पंचवीस दुकानं होती. आज एकही नाही. मांस टांगायचे आकडे आणि ते मांडायच्या रुंद फळ्या मात्र काही दुकानांबाहेर अजून दिसतात. त्यांच्याखाली उभं राहून लोक आइस्क्रीम खातात!

पण हे झालं यॉर्कचं पोस्टकार्डवरचं रूप. दुसरं यॉर्क बघायचं तर म्युझियम स्ट्रीटवरच्या लायब्ररीत जायचं. शहराचं अर्काइव्ह तिथंच आहे. मी तासाभरासाठी म्हणून गेले आणि अख्खी दुपार तिथंच घालवली.

यॉर्कचे फोटो निघायला लागले ते फोटोग्राफी जेमतेम रांगत होती तेव्हापासून. निगेटिव्हवरून हव्या तितक्या प्रती काढायची युक्ती ज्यानं शोधली, तो विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट १८४५ च्या जुलैमध्ये यॉर्कला आला होता. लॉप लेन नावाच्या चिंचोळ्या गल्लीतून त्यानं मिन्स्टरचा, म्हणजे तिथल्या भव्य कॅथेड्रलचा फोटो घेतला. दोन्ही बाजूंना दाटीनं घरं आणि त्यांच्या मागून एकदम वर आलेले ते मनोरे. आज तुम्ही त्या जागी गेलात तर गल्ली सापडणारच नाही. १८६० च्या आसपास एका बाजूची घरं पाडून तिथं ऐसपैस रस्ता केला गेला, डंकम प्लेस. १८६३ मध्ये जवळच लेंडल ब्रिज झाला. रेल्वेनं येणाऱ्या पाहुण्याला मिन्स्टर कसं लांबूनच दिसायला हवं! म्हणजे टुरिस्टसाठी शहर कापायचा फंडा काही आपल्या पिढीचा नाही.

त्या काळच्या फोटोंची एक गंमत सांगते. कॅमेऱ्यापुढे खूप वेळ निश्चल उभं राहावं लागे. घर उभं राहतं, माणूस राहत नाही. त्यामुळे चालणारी-फिरणारी माणसं पुसट तरी होतात किंवा फोटोत येतच नाहीत. भरबाजारातले रस्ते ओस पडल्यासारखे दिसतात. 'तेव्हा किती शांतता होती' असं कुणी म्हणालं, तर विश्वास ठेवू नका.

पुढे कॅमेरे सुधारले. मग यॉर्कमध्ये दोन डॉक्टरी नजरा कामाला लागल्या. पहिली डॉ. विल्यम आर्थर एव्हलिन यांची. हे गृहस्थ १८९१ मध्ये यॉर्कला आले आणि शहराच्या प्रेमात पडले ते कायमचे. जुनी चित्रं, छापील दृश्यं, फोटो, जे मिळेल ते गोळा करायचं आणि काचेच्या स्लाइड्स पडद्यावर दाखवत गावाला भाषणं द्यायची. बघा, तुमच्याकडे काय आहे आणि तुम्ही काय पाडताय! आजच्या भाषेत हेरिटेज अ‍ॅक्टिव्हिस्ट. १९३५ मध्ये ते गेले. त्यांचा चित्रसंग्रह यॉर्क आर्ट गॅलरीत आहे आणि स्लाइड्स तिथल्या एका पुरातत्त्व संस्थेनं जपल्या आहेत.

दुसरी नजर होती शहराच्या आरोग्य खात्याची. शहराचा आरोग्य अधिकारीही डॉक्टरच, पण त्याला मनोरे आणि कमानी नको होत्या. त्याला हवे होते संडास. अंगणातला सामायिक नळ, ओल चढलेली भिंत, कोळशानं काळवंडलेली परसदारं. फॉस नदीकाठच्या हंगेट नावाच्या वस्तीचे असे कितीतरी फोटो आहेत. सखल जागा, पुराचं पाणी, शेजारी पिठाची भली थोरली गिरणी आणि मध्ये कोंबलेली छोटी छोटी विटांची घरं.

आता ते राऊंट्री. चॉकलेटवाल्या जोसेफ राऊंट्रींचा मुलगा सीबोम यानं १८९९ मध्ये यॉर्कच्या कामगार वस्तीची घरोघर पाहणी करवली. ४६ हजार ७५४ माणसांची माहिती जमवली आणि १९०१ मध्ये पुस्तक काढलं. निष्कर्ष असा की २० हजार ३०२ माणसं गरिबीत जगताहेत, शहराच्या लोकसंख्येच्या जवळजवळ २८ टक्के. लंडनची गरिबी लोकांना माहीत होती. पण यॉर्क? मिन्स्टरच्या सावलीत? नुसतं अंग धरून राहायला किती पैसे लागतात याचा हिशेब त्यानं मांडला, तो इतका कडक होता की त्यात वर्तमानपत्राला किंवा प्रवासाच्या तिकिटाला एक पेनीसुद्धा नव्हती. तरीही हजारो कुटुंबांना तेवढंही जमत नव्हतं. ही आकडेवारी आणि आरोग्य खात्याचे फोटो शेजारी शेजारी ठेवून बघा. टक्क्यांना चेहरे फुटतात.

हो, कारण या फोटोंत माणसं आहेत! फोटोग्राफरला हवा होता संडास किंवा भिंत, पण कॅमेरा आला म्हटल्यावर बायका अ‍ॅप्रनला हात पुसत दारात येणारच आणि पोरं पुढे घुसणारच. एखादं हललेलं, अर्धवट पुसट झालेलं. वर धुण्याच्या दोऱ्या. कुणीतरी पायरी स्वच्छ घासून ठेवलेली. फाइलीत हे सगळं 'राहण्यास अयोग्य' या सदरात जाणार होतं, याची त्या बाईला कल्पना असेल का? आपल्याकडे पाहुणे येणार म्हटल्यावर सतरंजी झटकतात, तसं तिनं कदाचित दार पुसून घेतलं असेल.

१९३० मध्ये इंग्लंडमध्ये अशा वस्त्या पाडून नवी घरं बांधण्याचा कायदा झाला आणि त्या दशकात हंगेट जवळजवळ साफ झालं. लोक शहराच्या कडेच्या नव्या सरकारी घरांत गेले. मला इथं उगाच गळा काढायचा नाही. घरात स्वतःचा नळ, स्वतःचा संडास आणि मागे चार फुलझाडं, हे कुणाला नको असेल? ती घरं पाडायलाच हवी होती. पण त्यांच्याबरोबर शेजारही मोडला, आणि शेजार मोडल्याचा फोटो कुणी काढत नाही. एव्हलिनसारख्यांना वाचवायचं होतं ते मध्ययुगीन यॉर्क. हंगेटची घरं बहुतेक एकोणिसाव्या शतकातली. वारसा म्हणावं एवढी जुनी नाहीत आणि राहावं एवढी धडही नाहीत. ती वाचवण्यासाठी कोण स्लाइड-शो करणार?

मग आलं युद्ध. २९ एप्रिल १९४२ च्या पहाटे जर्मन विमानांनी यॉर्कवर बाँब टाकले. या हल्ल्यांना नाव पडलं 'बेडेकर रेड'. लोणचं आठवलं ना? हा बेडेकर जर्मन. पर्यटकांसाठी गाइडबुकं काढणारा प्रकाशक. एप्रिल ते जून या काळात जर्मनीनं इंग्लंडची सुंदर, ऐतिहासिक शहरं निवडून बाँब टाकले, म्हणून हे नाव. यॉर्कचा गिल्डहॉल जळाला. छप्पर उडालेल्या त्या सभागृहाचे फोटो बघवत नाहीत. जुन्या चित्रांचा आणि फोटोंचा आधार अशा वेळी किती मोलाचा असतो, हे कुठल्याही वास्तुरचनाकाराला विचारा. १९६० मध्ये गिल्डहॉल पुन्हा उभा राहिला, पहिल्यासारखा. हंगेट पुन्हा बांधावं असं कुणालाही वाटलं नाही. वाटायचं कारणही नव्हतं.

तरी हंगेटचा नंबर लागला, वेगळ्या तऱ्हेनं. दोन हजार सालानंतर तिथं नवं गृहसंकुल उभारायचं ठरलं आणि त्याआधी पुरातत्त्व खोदकाम सुरू झालं. ते चांगलं पाच वर्षं चाललं. खाली व्हायकिंगांच्या घरांची तळघरं मिळाली, त्याहून खाली रोमन थडगी. आणि सगळ्यांत वर, ज्याला एरवी कचरा म्हणून बाजूला सारतात त्या थरात, विसाव्या शतकातल्या त्याच गरीब घरांचे पाये. पुरातत्त्ववाल्यांनी व्हायकिंगांइतक्याच काळजीनं ते साफ केले, मोजले. तिथं लहानपण घालवलेल्या म्हाताऱ्या मंडळींच्या आठवणीही नोंदवल्या गेल्या. गल्लीतले खेळ, दुकानं, कोण कुठे राहायचं. आरोग्य खात्याच्या फाइलीत यातलं काही नव्हतं.

आज तिथं नदीकाठचे अपार्टमेंट ब्लॉक्स आहेत. बाल्कन्या, सायकल स्टँड, लॅपटॉपची बॅग पाठीला लावून बाहेर पडणारी तुमच्या-माझ्या वयाची मुलं. शेजारची पिठाची गिरणी होती तिची उरलेली उंच इमारतही आता याच ठाकठीक जगात सामील झालीय. डंडास स्ट्रीट, पामर लेन ही जुनी नावं मात्र रस्त्यांना अजून आहेत. मी लायब्ररीतून प्रिंट घेऊन तिथं गेले आणि कुठला दरवाजा कुठे असेल ते जुळवत बसले. जमेना. सगळ्या रेषाच बदलल्यात. प्रिंटखालच्या ओळीत गल्लीचं नाव होतं. दारातल्या बाईचं नव्हतं.