शाळांची तुलना : पालकांनी काय पाहावे?

जून महिना जवळ आला की गावोगावच्या पालकांपुढे एक प्रश्न उभा राहतो : मुलाचे नाव गावच्याच शाळेत घालावे, की शेजारच्या गावच्या शाळेत? शाळेची पारख करणे हा पालकांचा हक्कच होय. तथापि ती कशावरून करावयाची, याचा विचार आधी झाला पाहिजे. कारण आकडे खरे असूनही त्यांवरून काढलेला निष्कर्ष चुकीचा ठरू शकतो.

समजा, एका शाळेत शिष्यवृत्ती परीक्षेच्या वर्गाचा पट ४० आहे. परीक्षेस १० मुले बसली व ५ पात्र ठरली. दुसऱ्या शाळेत त्याच वर्गाचा पट १२. सर्व १२ मुले बसली व ५ पात्र ठरली. पहिलीचा निकाल शेकडा ५०, तर दुसरीचा सुमारे ४२. वरवर पाहता पहिली शाळा सरस वाटते. परंतु पटाशी प्रमाण लावले असता पहिलीत आठांत एक मूल पात्र ठरले, दुसरीत बारांत पाच! म्हणून निकाल ऐकताना ‘पट किती व बसले किती?’ हे अवश्य विचारावे. लहान शाळेत एका मुलाने शेकडेवारी बरीच खालीवर होते. तेथे तीन-चार वर्षांचे निकाल एकत्र पाहावेत.

जिल्ह्याच्या क्रमांकावरून एखाद्या शाळेची परीक्षा करू नये. ४ डिसेंबर २०२४ रोजी झालेल्या परख राष्ट्रीय सर्वेक्षणात तिसरी, सहावी व नववीच्या निवडक शाळांतील निवडक मुलांची चाचणी घेण्यात आली. त्यावरून जिल्ह्याचे सर्वसाधारण चित्र कळते. आपल्या गावच्या शाळेचे नव्हे. तसेच ज्या शाळेतील मुले आईबापांबरोबर ऊसतोडीस जातात, तिची तुलना बारमाही हजेरीच्या शाळेशी करणे न्यायाचे नाही.

मग पाहावे काय? पालकांनी एखाद्या दिवशी शाळेत जावे. पटाच्या मानाने हजेरी किती, हे पाहावे. तिसरीचे मूल सोपा उतारा समजून वाचते काय, हातच्याची वजाबाकी करते काय, वह्या तपासलेल्या आहेत काय, याची चौकशी करावी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस व ८०० तास अध्यापनाचे ठरविले आहेत. त्यांचा हिशेब विचारण्यास संकोच नसावा. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात, ते याचसाठी.

शेवटी एक गोष्ट ध्यानात असावी. याच कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेस ६० पटापर्यंत दोन शिक्षक व ६१ ते ९० पटास तीन शिक्षक लागतात. म्हणजे ६१ पटाच्या शाळेतून एक मूल गेले, तरी तिसऱ्या शिक्षकाचा आधार डळमळतो. त्याची झळ लागते ती ज्यांना दूरच्या शाळेचे भाडे परवडत नाही अशा मुलांना. म्हणून शाळेत उणीव दिसल्यास नाव काढण्यापूर्वी ती समितीच्या सभेत मांडावी. तुलनेचा खरा उपयोग शाळा सोडण्यापेक्षा शाळा सुधारण्याकडे झाला, तर त्यात सर्व गावाचे हित आहे.