हातोडा, भिंग आणि भौतिकशास्त्र

जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. एसटीच्या फलकावरची वाटावी अशी ही यादी. पण जगभरच्या भूशास्त्रज्ञांच्या शोधनिबंधांत सह्याद्रीतल्या लाव्हाथरांचे गट याच नावांनी ओळखले जातात. जव्हार सर्वांत खाली आणि म्हणून सर्वांत जुना, महाबळेश्वर या क्रमात सर्वांत वर. बुशे हे गाव कुठे आहे हे न सांगता येणारा परदेशी प्राध्यापकही बुशेच्या लाव्हाची रासायनिक घडण तोंडपाठ सांगतो.

बी.एस्सी.ला भूशास्त्र घेतलेली मुलं पहिल्यांदा आंबेनळी घाटात उतरतात तेव्हा बहुतेकांची निराशा होते. सगळीकडे तोच काळा पाषाण. मध्येच लाल मातीचा एखादा पट्टा, पुन्हा काळा पाषाण. मग हे दहा गट वेगळे केले कसे? डोळ्यांनी नव्हे, रसायनशास्त्राने. १९८०च्या दशकात संशोधकांनी घाटाघाटांतून वरपासून खालपर्यंत नमुने गोळा केले आणि त्यांतल्या टायटॅनियम, बेरियम यांसारख्या मूलद्रव्यांचं प्रमाण आणि स्ट्रॉन्शियमची समस्थानिकं मोजली. दिसायला सारखे असलेले थर आकड्यांत वेगळे पडले. बुशेच्या लाव्हाने वर येताना वाटेतल्या जुन्या कवचाचा बराच अंश पोटात घेतला होता, आंबेनळीच्या लाव्हाने फारच थोडा. ज्यांना आवर्तसारणी म्हणजे बारावीला पाठ करून विसरायची गोष्ट वाटत होती, त्यांची तिच्याशी खरी ओळख इथे होते.

भौतिकशास्त्राची पाळीही याच घाटात येते. लाव्हा थंड होताना त्यातली लोहयुक्त खनिजं त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राची दिशा धरून ठेवतात. महाबळेश्वरच्या माथ्याजवळचे थर सोडले, तर या भागातला बहुतेक खडक उलट्या चुंबकत्वाचा आहे, म्हणजे तो गोठला तेव्हा होकायंत्राचं उत्तर टोक दक्षिणेकडे वळलं असतं. याच चुंबकत्वाचा कल मोजला की खडक कोणत्या अक्षांशावर गोठला तेही कळतं. १९५०च्या दशकात दख्खनच्या दगडांवर अशी मोजमापं झाली आणि उत्तर आलं ते चक्रावणारं होतं: हा लाव्हा विषुववृत्ताच्या बऱ्याच दक्षिणेला थंड झाला होता. खंडं सरकतात हे मानायला अनेक मोठे शास्त्रज्ञ तेव्हा तयार नव्हते. त्यांच्यासमोर ठेवल्या गेलेल्या पुराव्यांत आपल्या घाटांतला हा दगडही होता.

वयाचा वाद अजून मिटलेला नाही. लाव्हाच्या दोन थरांमधल्या लाल मातीत झिरकॉनचे बारीक स्फटिक सापडतात. त्यातल्या युरेनियमचं किती शिसं झालं हे मोजून प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी थरांची वयं काढली. बर्कलीच्या गटाने आर्गॉन वायूवर आधारलेली दुसरी पद्धत वापरली. २०१९ मध्ये दोघांचे निबंध एकाच अंकात छापून आले. लाव्हाचे हे लोंढे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे, यावर एकमत. पण डायनोसॉर संपले त्या घटनेच्या आधी किती लाव्हा आला आणि नंतर किती, यावर दोघांचं जुळलं नाही. पाठ्यपुस्तकाचं शेवटचं पान अजून लिहिलं जात आहे, हे विद्यार्थ्याला पदवीच्या वर्गात असतानाच कळणं चांगलं.

एरवीचा अभ्यासक्रम तसा साधा. पहिल्या वर्षी खनिजं आणि स्फटिकं, मग खडक, जीवाश्म, भूरचना, भूजल, खाणी. दगड ०.०३ मिलिमीटर जाडीपर्यंत घासून काचेवर चिकटवतात; विद्यार्थ्यांच्या भाषेत ‘थिन सेक्शन’. ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली फेल्डस्पारचे काळे-पांढरे पट्टे आणि पायरोक्सिनचे भडक रंग दिसले की घाटातला कंटाळवाणा काळा दगड ओळखीचा वाटेनासा होतो. हातोडा, दहा पट मोठं दाखवणारं भिंग, ब्रंटन होकायंत्र आणि पातळ आम्लाची बाटली हे फील्डवरचं सामान. जीवाश्म हाड आहे की नुसता दगड, हे जिभेला लावून पाहण्याची जुनी युक्तीही अजून चालते. सच्छिद्र हाड जिभेला चिकटतं. आईवडिलांना हे न सांगितलेलं बरं.

महाराष्ट्राची एक अडचणही आहे. राज्याचा सुमारे चार-पंचमांश भाग या एकाच लाव्हाने झाकलेला. त्यामुळे वळ्या पडलेले जुने खडक, कोळसा किंवा सागरी जीवाश्म पाहायचे तर चंद्रपूर-गडचिरोली, कच्छ, राजस्थान किंवा तमिळनाडूतलं अरियलूर गाठावं लागतं. त्याला पैसा लागतो आणि फील्डसाठी सुट्टीतले दिवस देणारे शिक्षकही लागतात.

या लाव्हाखाली काय आहे, हा प्रश्न मात्र केवळ परीक्षेपुरता नाही. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला, ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीला. किल्लारीत सुमारे दहा हजार माणसं गेली आणि ‘दख्खन म्हणजे स्थिर भूभाग’ हा समज गाडला गेला. तिथे घेतलेल्या भोकात साडेतीनशे मीटरच्या आतच लाव्हा संपला. कोयना खोऱ्यातल्या तीन किलोमीटर खोल भोकात तो सुमारे सव्वा किलोमीटरवर संपला आणि खाली ग्रॅनाइटी खडक लागला. जलाशय भरू लागल्यावर खडकातल्या भेगांमधला पाण्याचा दाब बदलतो आणि आधीच ताणाखाली असलेली जमीन हलते, हे कोयनेने जगाला शिकवलं. कराडला त्यासाठी केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे. तिथल्या कामाला भूशास्त्राइतकंच पक्कं भौतिकशास्त्र आणि गणित लागतं.

पाण्याचं तर रोजचंच आहे. गावोगाव अजून पाणाड्या नारळ तळहातावर धरून विहिरीची जागा दाखवतो आणि शेतकरी लाखभर रुपये बोअरमध्ये घालतो. लाव्हाच्या प्रदेशात पाणी मुरमात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यावर साठतं. अखंड काळ्या पाषाणात कितीही खोल गेलं तरी भेग लागल्याशिवाय ते लागत नाही. शेजारच्या दोन शेतांत एकाला पाणी आणि दुसऱ्याला धूळ, असं होतं ते यामुळे. एखाद्या तालुक्यात खडक वाचू शकणारे दोन-चार पदवीधर असले, तरी बरेच पैसे वाचतील.

नोकरीचं काय? नुसत्या बी.एस्सी.वर फारसं काही हाती लागत नाही, हे सरळ सांगायला हवं. १८५१ साली स्थापन झालेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात भूवैज्ञानिक व्हायचं तर पदव्युत्तर पदवी आणि यूपीएससीची परीक्षा दोन्ही लागतात. भूजल, तेल, कोळसा, बोगदे, धरणं ही इतर क्षेत्रं आहेत आणि तिथेही एम.एस्सी. झालेल्यालाच विचारतात. आयआयटीत एम.एस्सी.ला जायचं तर ‘जॅम’ ही प्रवेशपरीक्षा असते. निव्वळ भौतिकशास्त्र घेऊन पदवी घेतलेल्यालाही भूभौतिकशास्त्राकडे वळता येतं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

दुसरीकडे कुठे जागा मिळाली नाही म्हणून भूशास्त्र घेणारी मुलं दर वर्गात असतात. त्यांतली काही पुढे उत्तम भूवैज्ञानिक होतात, तरी विषयावर हा अन्यायच आहे. मुंबईचं सेंट झेवियर्स, पुण्याचं फर्ग्युसन, मडगावचं चौगुले अशा कॉलेजांत हा विषय आहे. पुणे, नागपूर आणि गोवा विद्यापीठांत तो पुढेही शिकता येतो. अर्ज भरण्याआधी विभागात जाऊन एवढंच विचारा: वर्षात फील्डचे दिवस किती आणि गेल्या वर्षीच्या मुलांच्या फील्डच्या वह्या बघायला मिळतील का? वह्या नवीकोऱ्या दिसल्या, तर दुसरं कॉलेज शोधा.