दुखापत एकाची, दुखणें साऱ्या घराचें

पतंगाच्या नादांत एखादा मुलगा गच्चीवरून पडतो. डॉक्टर हाड बसवितात, आणि कांहीं आठवड्यांनीं तो घरीं येतो. "संकट टळलें!" असें शेजारी म्हणतात. परंतु त्या घरांत डोकावून पाहिलें, तर आई रात्रीं चार वेळां उठून मुलाचा श्वास पाहत असते. बाप गच्चीचा जिना चढत नाहीं. धाकटी बहीण तर अगदींच गप्प असते. कारण आदल्या दिवशीं रागाच्या भरांत आपण "पडशील" म्हटलें, म्हणूनच दादा पडला, अशी तिची समजूत!

हें मनाचें दुबळेपण नव्हे. मोठ्या भयानंतर मन कांहीं काळ पहारा देतच राहतें. बहुतेकांचा हा त्रास हळूहळू ओसरतो. महिना उलटूनही झोंप येत नसेल, तोच प्रसंग डोळ्यांपुढें येत असेल, तर मनोविकारतज्ज्ञांस भेटावें. सरकारनें २०२२ सालीं सुरू केलेल्या 'टेली मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्लाही मिळतो.

जखमी मुलास औषधाइतकीच आईबापांची सोबत लागते, हें मोठमोठ्या डॉक्टरांनाही उशिराच उमगलें. आईला पाहून मूल रडतें, तेव्हां तिनें न येणेंच बरें, असा इंग्लंडांतील अनेक इस्पितळांत समज होता. जेम्स रॉबर्टसन यांनीं इस्पितळांत आठ दिवस राहिलेल्या एका दोन वर्षांच्या मुलीचा चित्रपट १९५२ सालीं दाखविला. ती फारशी रडत नव्हती, पण आंतल्या आंत मिटत चालली होती. कित्येक डॉक्टर चित्रपटावरच रागावले! पुढें १९५९ सालीं सर हॅरी प्लॅट यांच्या समितीनें आईबापांस केव्हांही भेटूं द्यावें, अशी शिफारस केली.

जवळ बसणाऱ्यानें खोटें मात्र बोलूं नये. "मुळींच दुखणार नाहीं" असें सांगून पट्टी सोडली, कीं दुसऱ्या दिवशीं मूल कोणाचेंच ऐकत नाहीं. "थोडें दुखेल, मी हात धरून बसतें" हें त्यास पुरतें. धाकट्या बहिणीलाही जवळ घेऊन, तुझ्या बोलण्यानें दादा पडला नाहीं, असें स्पष्ट सांगावें. ती आपण होऊन विचारणार नाहीं.

भेटीस जाणाऱ्यांनीं "तुमचें लक्ष कोठें होतें?" हा प्रश्न घरींच ठेवावा. आईबापांनीं तो स्वतःस शंभरदां विचारलेला असतो. त्याऐवजीं जेवणाचा डबा न्यावा, किंवा धाकटीला शाळेंत पोंचवावें.

आणि विद्यार्थिमित्रांनो, तो वर्गांत परत येईल तेव्हां त्याची बाकावरची जागा मोकळी ठेवा, बुडालेल्या धड्यांच्या वह्या द्या. कसा पडलास, हें विचारूं नका. सांगावेंसें वाटेल त्या दिवशीं तोच सांगेल.