गाळपेराच्या जमिनीतील फॉस्फरस

हजारो वर्षे पाण्याखाली अर्धवट कुजलेल्या वनस्पतींपासून बनलेल्या मातीला पीट म्हणतात. युरोपात शेतीसाठी कोरड्या केलेल्या पीटच्या दलदली आता पुन्हा पाण्याखाली आणल्या जात असून, मागे दिलेल्या खतांमुळे तेथे साठलेला फॉस्फरस पाण्यात उतरून आसपासचे तलाव बिघडवतो, असे आढळले आहे. नांदेड-लातूरच्या काळ्या जमिनीत पीट नाही. मात्र पेरलेली, खत दिलेली जमीन पुन्हा पाण्याखाली जाणे येथील धरणांना अपरिचित नाही, कारण पाणी ओसरलेल्या बुडीत क्षेत्रात गाळपेर करण्याची रीत जुनी आहे.

ज्या धनेगावच्या मांजरा धरणावर लातूर शहराची तहान अवलंबून आहे ते 2016 च्या उन्हाळ्यात कोरडे पडले आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा वर्षी धरणाच्या तळाचा गाळ हात जाईल एवढ्या भेगांनी फाटतो, त्या भेगांतून हवा खोलवर शिरते आणि हवेच्या सान्निध्यात गाळातील लोह फॉस्फरसला घट्ट धरून ठेवते. पुढे पाणी चढले, तळाचा प्राणवायू संपला, की लोहाचे रासायनिक रूप बदलून ते विरघळते आणि त्याने धरलेला फॉस्फरस सुटतो. म्हणूनच वरून नवी घाण न येताही जलाशयाचे पाणी हिरवे होऊ शकते. काळ्या मातीतील चुनाही काही फॉस्फरस बांधून ठेवतो, पण तेवढ्यावर विसंबणे धोक्याचे आहे.

डीएपी या खताच्या 50 किलोच्या एका पोत्यात सुमारे 10 किलो फॉस्फरस असतो, आणि लिटरमागे 35 मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या दहा लाखांश भागाच्या 35 पट, एवढ्यानेही तलावात शेवाळ माजू लागते, हे लक्षात घेतल्यास ते एक पोते सुमारे 29 कोटी लिटर पाण्याला पुरे पडते. माजणाऱ्या नील-हरित शेवाळाच्या काही जाती यकृताला अपाय करणारे विष सोडतात, आणि हे पाणी अखेर घरोघरीच्या नळाला येते.

नेदरलँड्स व जर्मनीत काही ठिकाणी पाणी सोडण्यापूर्वी वरचा खतावलेला थर खरवडून काढतात. महाराष्ट्रात 2017 पासून राबवली जाणारी ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना मुख्यतः साठवणक्षमता वाढवण्यासाठी आखली गेली असली, तरी तळाचा गाळ शेतात गेला की त्यातील फॉस्फरसही पाण्याबाहेर जातो, आणि योजनेच्या या लाभाविषयी क्वचितच बोलले जाते, ही खेदाची गोष्ट आहे. मात्र उपसलेला गाळ काठावरच ढिगाने पडून राहिला, तर पहिल्याच मोठ्या पावसात तो पुन्हा धरणात जातो. तो बांधबंदिस्ती केलेल्या शेतात पसरला पाहिजे.

गाळपेर करणाऱ्या शेतकऱ्यांनी पेरणीपूर्वी माती तपासून घ्यावी आणि धरण पूर्ण भरल्यावर पाणी जेथवर येते त्या रेषेच्या आत डीएपीचे पोते फोडू नये.