वाडा विकणे आहे

बडोद्याच्या दांडिया बाजारातून किंवा रावपुऱ्यातून जाताना एखाद्या जुन्या दिंडीदरवाजावर 'विकणे आहे' अशी पाटी दिसली की आपल्या मंडळींचे पाऊल क्षणभर अडखळते. गायकवाडी अमदानीत येथे आलेल्या कारकून, शास्त्री, शिलेदारांनी प्रथम बिऱ्हाडे थाटली आणि मग ऐपतीप्रमाणे वाडे बांधले. चौक, ओसरी, माजघर, देवघर, परसातील आड अशी ती ऐसपैस रचना एकत्र नांदणाऱ्या कुटुंबासाठीच होती. १८४९ ते १८५४ या काळात बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा रावपुऱ्यातील चौमजली वाडा भित्तिचित्रांमुळे पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आला. प्रत्येक वाड्याच्या भाळी हे भाग्य कोठून असणार?

मुले नोकरीनिमित्त दूर गेली. मागे राहिलेल्या वृद्धांना जिना चढवत नाही आणि वाळवीने पोखरलेली तुळई बदलणे परवडत नाही. अशा वेळी वाडा विकण्यात कमीपणा कसला? खरे दुःख आहे ते व्यवहारापायी भावंडांचा अबोला सुरू होण्यात.

त्याचे मूळ बहुधा एका गृहीतात असते. सासरी गेलेली बहीण हक्कसोडपत्रावर सही करीलच, असे आपण धरून चालतो. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या वडिलार्जित मिळकतीत मुलीला मुलाप्रमाणेच जन्मतः हक्क दिला. त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. भाऊ वाटणी करीपर्यंत राहत्या घराची वाटणी बहिणीने मागू नये, हे जुने बंधनही त्याच दुरुस्तीने गेले. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या व विक्रीव्यवहार कायम राहतात. बहिणीने स्वखुशीने हक्क सोडला तर ते तिचे औदार्य होय. ते मागून घेण्याची वस्तू नव्हे.

वारसाने मिळालेला हिस्सा एखाद्या वारसाला विकावयाचा असेल, तर तो घेण्याचा अग्रहक्क १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या बाविसाव्या कलमाने सहवारसांना दिला आहे. तेव्हा दलालाआधी भावंडांना विचारावे, हे रीतीलाही धरून आहे.

सौदा ठरण्यापूर्वी सर्वांनी एकदा वाड्यात जमावे. देवघरातील देव कोणी न्यावयाचे, हे तेथेच ठरवावे. माळ्यावरची मोडी कागदांची दप्तरे रद्दीत न घालता जाणकारास दाखवावीत. चौकाची, तुळशीवृंदावनाची छायाचित्रे काढून घरोघरी द्यावीत. वाडा परक्याचा झाला तरी दिवाळीच्या भाऊबीजेला एकमेकांची दारे उघडी राहिली, म्हणजे पूर्वजांनी बांधलेले घर मोडले नाही असे समजावे.